स्टेपनी नसलेली गाडी

२ फेब्रुवारी, सोमवार

डायलिसिस केंद्राच्या बाहेरच्या खोलीत बसून लिहितेय. हे आत मशीनवर आहेत. चार तास त्यांची सुटका नाही आणि माझीही. लेक परदेशी जाताना म्हणाली होती, "आई, तिथे नुसती भिंतीकडे बघत बसू नकोस, काहीतरी लिहीत जा." तिने वही दिली आणि वहीबरोबर स्वतःची गाडीही आमच्या दारात लावून गेली. दोन्हींपैकी वही चालवायला सोपी आहे.

आधी आम्ही पेशंटांच्या जीपने यायचो. जीपवाल्याने ते काम सोडलं आणि घाट ओलांडून इथपर्यंत यायचं कसं, हा प्रश्न उभा राहिला. ह्यांनी आयुष्यभर बस चालवली, पण साखरेने त्यांचे डोळे नेले. समोरचा माणूस आता ते आवाजावरून ओळखतात. मग उरले कोण, तर मी. या वयात लायसन काढलं. परीक्षा घेणारा साहेब म्हणाला, "काकू, घाबरता कशाला, विजेची गाडी आहे, गिअरसुद्धा नाहीत." त्याला घाट कुठे चढायचा होता.

आठवड्यातून तीनदा, पहाटे अंधारात निघायचं. त्याआधी उठून शाळेच्या गणवेशांचं कापड कापून ठेवते, म्हणजे दुपारी घरी गेल्यावर सरळ मशीनवर बसता येतं. माझं शिवायचं मशीन, ह्यांचं रक्ताचं. घरात दोघांचंही मशीनवाचून चालत नाही.

गाडीची मला भीती वाटते, हे इथे लिहायला हरकत नाही. ती आवाजच करत नाही. बस कशी गुरगुरते, धापा टाकते, आपल्याशी बोलते. ही मुकाट्याने चालते, पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. तरी आता सवय होतेय. आज तर दगडाच्या खाणीपासून पुलापर्यंतचा रस्ता कधी सरला ते मला आठवतही नाही. हात बसला म्हणतात तो हाच असेल.

हे मात्र शेजारी बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत असतात. ड्रायव्हरच्या शेजारी ड्रायव्हर बसवू नये.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पाचावर धारण बसली.

घाटाच्या माथ्यावर समोरच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला. चाकाचं चित्र आणि त्यात उद्गारचिन्ह. मी म्हटलं, "अहो, काहीतरी लागलंय." हे म्हणाले, "मागचं डावं बसलंय. हळू घे. ब्रेक मारू नको, नुसता पाय काढ." त्यांना दिवा दिसला नव्हता. गाडी कशी झुकली ते त्यांच्या पाठीला कळलं होतं.

उतरून पाहिलं तर चाक अर्धं जमिनीत गेल्यासारखं. "स्टेपनी काढ," हे म्हणाले. मी मागचं दार उघडलं, गालिचा उचलला, आणि खाली स्टेपनी नव्हतीच. एक बाटली आणि एक छोटा पंप, बस्स. बॅटरीने जागा खाल्ली म्हणून स्टेपनीच देत नाहीत म्हणे. ह्यांनी तीनदा विचारलं, "नाही म्हणजे? कुठेच नाही?" बस बिघडली तरी त्यांच्या आवाजात असा धसका मी कधी ऐकला नव्हता.

बाटलीतला चिकट पांढरा द्राव पंपाने टायरात सोडला. भोक मोठं होतं, सगळा द्राव फेसासारखा रस्त्यावर आला. गाड्या अंगावरून जात होत्या. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला उभा कडा आणि मधे आम्ही दोघं, त्यातल्या एकाच्या अंगात दोन दिवसांचं पाणी साठलेलं. केंद्रात फोन केला. सिस्टर म्हणाली, "आजची पाळी गेली काकू, उद्या दुपारी एक मशीन रिकामं आहे, तेव्हा आणा. आज पाणी अगदी घोटभर."

गाडी न्यायला ट्रक आला तोही सपाट पाठीचा. ही गाडी ओढत नेता येत नाही, चाकं जमिनीला टेकवून ओढली तर मोटर जळते. आख्खी गाडी उचलून पाठीवर घेतली. आम्ही ट्रकवाल्याच्या शेजारी बसलो. बसल्याबसल्या माझा डोळा लागला तो थेट टायरवाल्याच्या दारात उघडला. मान अवघडली होती, आणि हे माझं डोकं खांद्यावर घेऊन तसेच ताठ बसले होते.

टायरवाला कुरकुरत होता. "ताई, हिच्याखाली बॅटरीची पेटी आहे, जॅक चुकीच्या जागी लावला तर माझी वाट लागेल." मग मोबाइलवर जॅकची जागा शोधून लावला. टायर उघडला तर आत फोमचा थर चिकटवलेला, आवाज कमी व्हावा म्हणून. तो खरवडला तेव्हा बोटाएवढा खिळा निघाला. आतून पॅच मारून दिला.

घरी येऊन जरा पाठ टेकावी म्हणून पडले. उठले तर दुसरा दिवस उजाडला होता. त्यामुळे हे शनिवारी लिहितेय. ह्यांनी चाचपडत भात लावला होता आणि माझ्या शिवायच्या मशीनवर चादर टाकून ठेवली होती. आणि चेहरा असा खुशीत, जणू सणाची सुट्टी मिळाली. मी म्हटलं, "तुमची पाळी चुकली, त्यात हसायचं काय?"

"तू घोरत होतीस," म्हणाले.

९ फेब्रुवारी, सोमवार

आजारपणाने माणूस हट्टी होतो, हे ऐकून होते. आता रोज बघतेय.

शनिवारची जादाची पाळी झाली, आज पुन्हा नेहमीची. सिस्टर सांगते की मशीनवरून उतरल्यावर पेशंट गळून जातात, वाटेत झोपतात. हे टक्क जागे. घाट लागला की यांची भुणभुण सुरू. पाणी दे. पाणी मोजून प्यायचंय हे यांना माहीत नाही का? मग रेडिओ लाव. मोठा कर. मग लेकीच्या लहानपणी आपण कुठल्या घरात राहत होतो, त्या घराला खिडक्या किती. मी गप्प बसले की लगेच, "ऐकतेस ना? सांग ना, किती?"

मी चिडून म्हटलं, "मला गाडी चालवू द्या."

"तुला झोप येतेय का गं?"

"मला? चार तास बसूनच तर होते."

"उद्यापासून गणवेश बंद कर. निदान घाटाआधी चहाला थांबत जाऊ."

"चहाला थांबले तर कापड काय तुम्ही कापणार?" असं म्हटलं आणि मलाच वाईट वाटलं. पण थोड्याच वेळात, खाणीपाशी, त्यांनी एकाएकी स्टिअरिंगला हात घातला. गाडी हेलकावली. समोरून येणारा ट्रकवाला हॉर्न वाजवत, काहीबाही ओरडत गेला. बाई गाडी चालवताना दिसली की या लोकांच्या पोटात दुखतं. मी ह्यांच्यावर वसकन ओरडले, "जीव घ्यायचाय का दोघांचा?" घरी येईपर्यंत त्यांनी माझ्या सीटची कड सोडली नाही. मशीननंतर कधी कधी चक्कर येते, म्हणून असेल.

पायाखाली चाक पुन्हा बसतंय असं मला सारखं वाटत राहतं. पिवळ्या दिव्याची जागा दर थोड्या वेळाने बघते. रस्त्यापेक्षा तिथेच जास्त बघते की काय.

११ फेब्रुवारी, बुधवार

आजची पाळी नीट पार पडली. परत येताना घाटाच्या पायथ्याशी पांढऱ्या पट्टीवर चाक गेलं आणि खडखडाट झाला, त्याने दचकले. टायर गेला असंच वाटलं, पण नव्हता गेला.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं संध्याकाळी खाली भांडण झालं. गाडी चार्ज करायची वायर आमच्या खिडकीतून खाली पार्किंगमधे सोडलेली असते. खालच्या मजल्यावरचा अंडीवाला दोन ट्रे छातीशी धरून येत होता, त्याचा पाय वायरीत अडकला. सगळी अंडी फुटली. मी धावत खाली गेले. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण तो धिप्पाड माणूस पिवळ्याधमक बलकात उभा राहून नुसता वायरीकडे बघत होता.

"वहिनी, ही वायर एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार. वर बांधून घ्या. नाहीतर मी काय करीन ते मला माहीत नाही."

"भरपाई देते," मी म्हटलं.

"भरपाई नको, वायर वर घ्या."

बांधून घ्यायला कुणाला तरी बोलवायला हवं. कधी बोलवू? उद्या दिवसभर शर्टांच्या कॉलरी आहेत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ज्याची भीती होती ते दारातच झालं.

पहाटे खाली उतरलो तर पुढचं डावं चाक पार बसलेलं. रात्री चार्जिंगला लावली तेव्हा ठणठणीत होती, मी स्वतः लाथ मारून बघितलं होतं. टॉर्च मारला. खिळा नाही, काच नाही, काही नाही. हे भिंतीला टेकून उभे होते, शांत. म्हणाले, "असू दे. चल वर. सकाळ झाली की पॅच मारू, दुपारच्या पाळीला जाऊ. तू तोवर नीज."

टायरवाल्याला घरी बोलावलं. त्याने चाक काढून पाण्याच्या टबात धरलं. बुडबुडे खालच्या नक्षीतून नाही, बाजूच्या भिंतीतून येत होते.

"ताई, हा रस्त्यावरचा पंक्चर नाही. कुणीतरी टोचलंय. हे बघा, शेजारी शेजारी दोन भोकं. एक अर्धवट, एक आरपार."

ह्यांनी विचारलं, "पॅच मारून दे ना, बाबा. आम्ही बसच्या ट्यूबला शंभरदा मारलेत."

"काका, ट्यूब कुठे आहे हिला? आणि बाजूला पॅच बसत नाही. चालताना ही भिंतच वाकते. बसवला तर घाटात फुटेल. नवीनच टायर लागणार."

"मग घाल नवीन."

"या मापाचा इथे कुठे मिळतो? बॅटरीने गाडी जड, तिला वजन पेलणारा वेगळा टायर येतो. मागवावा लागेल. सोमवारपर्यंत येईल बहुतेक."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आतापर्यंत इतके शांत होते आणि आता माझा हात धरून म्हणाले, "सोमवार? आज नाही? उद्यासुद्धा नाही?" मला भडभडून आलं. स्वतःच्या जिवाची काळजी त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती.

दिवसभर मी फोन करत होते. जुन्या जीपवाल्याने इंजिन खोलून ठेवलंय, भाड्याची दुसरी गाडी मिळेना. बस दोनदा बदलावी लागते आणि ह्यांना तेवढं उभं राहवत नाही. केंद्रात उद्या एकही मशीन रिकामं नाही, रविवारी केंद्र बंद. म्हणजे सोमवारच.

टोचणारा कोण असेल, हे कुणी सांगायची गरज नाही. मी काय करीन ते मला माहीत नाही, असं म्हणाला होता.

१५ फेब्रुवारी, रविवार

ह्यांचे पाय सुजलेत. बोटाने दाबलं तर खळगा पडतो आणि तसाच राहतो. आडवं झालं की दम लागतो, म्हणून पाठीला उशा लावून बसवून ठेवलंय. तहान मारायला बर्फाचे तुकडे चोखायला देते. बर्फ फोडायचा टोचा टोकाशी वाकलाय. हे म्हणाले, फ्रिजच्या फटीत अडकला होता. वरवंट्याने फोडते.

चार दिवसांत गाडी चालवली नाही, त्यामुळे झोप मात्र झाली. अशा वेळी झोप येते तरी कशी, याचीच लाज वाटते. मधेमधे दचकून उठते आणि खिडकीतून खाली बघते. गाडी एका बाजूने विटांवर उभी आहे. अजून तीन चाकं शाबूत आहेत. तो तीही टोचेल. नवीन आलेलं टोचेल. एवढीशी टोकदार वस्तू पुरे, आणि ह्यांचं मशीन घाटापलीकडे राहील.

सकाळी मला राहवलं नाही. अंडीवाला व्हॅन धूत होता. सगळ्यांसमोर म्हटलं, "टायर टोचून काय मिळालं तुम्हाला? वर माझा माणूस मरायला टेकलाय."

त्याने पाण्याचा पाईप खाली ठेवला, नळ बंद केला. "वहिनी, मी माणसाशी भांडतो, टायरशी नाही."

"मग कोणी केलं? भुताने?"

तो काहीतरी बोलणार होता. वर आमच्या खिडकीकडे त्याने पाहिलं आणि गप्प बसला. खिडकीत हे उभे होते, गजाला धरून. तिथूनच म्हणाले, "अगं, त्यांनी नाही केलं. वर ये." आवाज फुटत नव्हता तरी दोनदा म्हणाले.

माझं काळीज तुटलं. माझ्या नवऱ्याने भर रस्त्यावर गुंडांना बसमधून खाली उतरवलेलं मी पाहिलंय. आता शेजाऱ्याला घाबरतोय. वर गेल्यावर म्हटलं, "उद्या टायर बसला की पोलिसांत जाणार आहे." ते म्हणाले, "नको जाऊ. मी सांगतो तुला सगळं." पण तेवढ्यात त्यांना ढास लागली. ती थांबेपर्यंत मी पाठ चोळत राहिले, आणि मग बोलण्याइतका दम त्यांच्यात नव्हता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या इस्पितळात आहोत. हे वाचलेत. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

काल उजाडता उजाडता ह्यांचा श्वास घरघरायला लागला. पाण्यातून बोलावं तसा आवाज. ओठ निळसर. टायरवाल्याला फोन केला तर माल वाटेत अडकलाय. रुग्णवाहिका म्हणाली, दुसऱ्या गावाहून निघतेय, वेळ लागेल. मी जिन्यात उभी राहून कुणाला हाक मारावी तेच कळत नव्हतं. नुसतंच "अहो कुणीतरी" असं म्हणत होते.

दार उघडलं ते अंडीवाल्याचं. एक शब्द विचारला नाही. व्हॅनमधले ट्रे भराभर जमिनीवर काढून ठेवले, वर आला, ह्यांना लहान मुलासारखं उचललं आणि पुढच्या सीटवर ताठ बसवलं. मी मागे, रिकाम्या ट्रेंच्या मधे. त्या व्हॅनला नाही नाही ते आवाज येत होते. घाट चढताना तो ह्यांना सारखा म्हणत होता, "काका, पुढे बघा. वळण कुठलं आलं सांगा." आणि हे, श्वास मिळेल तसं सांगत होते, "खाण... आता उजवं... आता पूल..."

आणि मी झोपले.

ही गोष्ट मला कुणाला सांगवणार नाही. माझा माणूस हाताच्या अंतरावर गुदमरत होता आणि मी ट्रेवर डोकं टेकून झोपले. बसल्या जागी, बोलता बोलता. रडत होते ते आठवतं, मग थेट इस्पितळाचं फाटक आठवतं. मधे काहीच नाही. घाट नाही, खाण नाही, पूल नाही.

लगेच मशीनवर घेतलं. दुपारपर्यंत ओठांना रंग आला. मी अंडीवाल्याला म्हटलं, "मी तुम्हाला नाही नाही ते बोलले." तो कॅन्टीनचा चहा फुंकत होता. "चोर सोडून संन्याशाला फाशी," म्हणाला आणि जरा हसला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "वहिनी, शुक्रवारी मी पहाटे माल भरायला निघत होतो. काका चाकाशी बसले होते. चाचपत होते. मला वाटलं, जुने ड्रायव्हर आहेत, हवा बघत असतील. नंतर लक्षात आलं. पण तुमच्या घरातली गोष्ट मी चारचौघांत कशी बोलू?"

मला काहीच समजलं नाही. म्हणजे शब्द समजले. मी त्याला विचारलं, "त्यांना जगायचं नाहीये का?"

"ते त्यांनाच विचारा," तो म्हणाला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

विचारलं.

मला वाटलं होतं, ते म्हणतील कंटाळलो, सुयांना कंटाळलो. रात्रभर त्याचीच उत्तरं जुळवत होते. ते म्हणाले, "मला मरायचं नव्हतं गं. तुला वाचवायचं होतं."

मी पलंगाच्या कडेला बसले.

"पहिल्या आठवड्यापासून तू झोपतेस. डोळे उघडे ठेवून झोपतेस. मला दिसत नाही, पण तुझा श्वास बदललेला कळतो. गाडी कुठे सरकतेय ते कळतं. ती मेली आवाज करत नाही, त्यामुळे तुझा श्वास स्पष्ट ऐकू येतो. खाणीपाशी तू दरीच्या अंगाला निघाली होतीस. मी हात घातला, तर ट्रक समोर आला."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं. झोप येतेय का विचारलं. चहाला थांबू म्हटलं. गणवेश सोड म्हटलं." दम घेऊन म्हणाले, "आणि धड सांगितलं असतं तर? तू म्हणाली असतीस, मग दुसरं कोण आहे? दुसरं कोणी नाहीच. तो पहिला पंक्चर झाला त्या दिवशी तू अशी झोपलीस, अशी झोपलीस... मला वाटलं, एक सकाळ चाक बसलेलं असू दे. दुपारी पॅच मारू, तोवर हिची झोप होईल. तू उठायच्या आत बर्फाचा टोचा घेऊन खाली उतरलो. पॅच बसणार नाही हे मला काय माहीत. मी ट्यूबच्या काळातला माणूस."

मी बाहेर आले. व्हरांड्यात उभी राहिले आणि इतका राग आला की हात भिंतीवर आपटला. स्वतःचा जीव पणाला लावून मला झोपवणारा हा कोण. एवढ्या संसारात तोंड उघडून एक वाक्य बोलता आलं नाही. मग आठवलं, त्याने उघडलं होतं तोंड. मी म्हटलं होतं, कापड काय तुम्ही कापणार.

आत गेले नाही बराच वेळ. सिस्टरने येऊन सांगितलं, काका विचारतायत तुम्ही कुठे आहात.

२१ फेब्रुवारी, शनिवार

काल टायर आला. ह्यांची कालची पाळी इस्पितळातच झाली. आज घरी आलो, अंडीवाल्याच्याच व्हॅनने.

टायरवाल्याने नवीन टायर चढवला, चाक बसवलं, जॅक काढला. गाडी चार पायांवर उभी राहिली. म्हणाला, "बसा ताई, एक फेरी मारून बघा." मला बसवेना. दार उघडं धरून नुसती उभी. आजवर मी खिळ्यांना घाबरत होते, दिव्याला घाबरत होते, शेजाऱ्याला घाबरत होते. सगळी भीती गाडीच्या बाहेर होती. आता सीटवर बसायचं म्हणजे भीतीच्या शेजारी बसायचं. कधी मिटतील ते माझ्या डोळ्यांनाच माहीत नाही, आणि मलाही कळणार नाही. त्या खाणीपासून पुलापर्यंतच्या रस्त्याला मी हात बसला म्हणत होते.

वायर वर बांधून घेतली. अंडीवाला खाली उभा राहून सूचना देत होता. बुधवारी त्याचा माल घाटापलीकडे जातो. म्हणाला, "बुधवार माझा. सोमवार-शुक्रवार तुमचं तुम्ही बघा." मी काही म्हणायच्या आत आत निघून गेला. अर्धे गणवेश दुसऱ्या शिलाईवालीला दिले. शाळेची बाई नाराज झाली. होऊ दे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कालचं आज लिहितेय, कारण काल केंद्रात वही उघडलीच नाही. सिस्टर पहिल्या दिवसापासून सांगत होती, काकू, लिहिण्यापेक्षा आडव्या व्हा. काल ह्यांना मशीनवर सोडलं आणि आडवी झाले.

केंद्राने आता दुपारची पाळी दिलीय. झोप पुरी करून, चांगलं ऊन वर आल्यावर निघालो. जाताना मी मोठ्याने बोलत होते, वळण कुठलं, दगड कुठला, पुढे कोण आहे. हे "हं" म्हणत होते. घाटात तळहात इतके घामेजले की स्टिअरिंग निसटेल असं वाटलं. खाणीपाशी श्वास रोखून धरला. आपण जागे आहोत का, हे स्वतःला विचारणं किती भयंकर असतं. झोपलेल्या माणसालाही आपण जागेच वाटतो.

परतताना घाट चढून माथ्यावर आलो. मोकळी जागा होती, रस्त्यापासून बरीच आत. दिवस मावळायला अजून वेळ होता. मला काही होत नव्हतं. पापण्या जड नव्हत्या, जांभई नव्हती. पण मागचा मैलाचा दगड कधी गेला ते मला सांगता येईना.

मी म्हटलं, "अहो, मला झोप येतेय."

आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. कापड हातात घेऊन पहाटे पेंगले तरी कधी म्हटलं नव्हतं. ह्यांनी काही उपदेश केला नाही. "आत घे. अजून आत. हं, आता थांब," एवढंच बोलले. ही गाडी थांबलीय की चालू आहे ते कळत नाही, म्हणून मी ती बंद केली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. सीट मागे टाकली.

जाग आली तेव्हा ऊन काचेवर तिरपं आलं होतं. खालून एक ट्रक घाट चढत होता. हे किल्ली मुठीत घट्ट धरून समोरच्या रस्त्याकडे तोंड करून बसले होते. पाठ ताठ, पाय ब्रेकच्या जागेवर.